अडखळणारं यंत्र

१९५८ च्या उन्हाळ्यात हाओ वांग या तर्कशास्त्रज्ञाने आयबीएमच्या ७०४ या संगणकासाठी एक प्रोग्राम लिहिला. बर्ट्रांड रसेल आणि आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या महाग्रंथातली विधान-तर्काची दोनशेहून अधिक प्रमेयं त्याने यंत्रापुढे टाकली. ३७ मिनिटांत सगळीच्या सगळी सिद्ध झाली. त्यातलाही बहुतेक वेळ माहिती आत घेण्यात आणि उत्तरं छापण्यात गेला होता. खरं काम तीन मिनिटांच्या आत आटोपलं होतं.

त्याआधी दोनच वर्षं याच ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातली ५२ प्रमेयं दुसऱ्या एका प्रोग्रामला दिली गेली होती. त्याला ३८ जमली, १४ जमली नाहीत. जमलेल्यांपैकी निम्मी मिनिटाच्या आत सुटली, उरलेल्यांतल्या बहुतेकांना एक ते पाच मिनिटं लागली आणि काहींनी तर पंधरा ते पंचेचाळीस मिनिटं खाल्ली. वांग यांनी आपल्या लेखात या जुन्या प्रोग्रामची भीडभाड ठेवली नाही. कोंबडी मारायला खाटकाचा सुरा लागत नाही, आणि या मंडळींना तर सुरा हातात असूनही कोंबडी मारता आली नाही, अशा अर्थाचा टोला त्यांनी हाणला.

शर्यत म्हणून बघितलं तर निकाल स्वच्छ आहे. गंमत अशी, की हरलेल्या प्रोग्रामचे कर्ते या शर्यतीत उतरलेच नव्हते. प्रमेयं लवकर सुटावीत ही त्यांची गरज नव्हती. कोडं समोर आल्यावर माणसाच्या डोक्यात काय काय घडतं, हे त्यांना शोधायचं होतं आणि त्यासाठी त्यांना असं यंत्र हवं होतं, जे माणसासारखं चाचपडेल, चुकीच्या वाटेला लागेल, कधी हातही टेकेल. वांग यांच्या पद्धतीत माणसाला कुठे जागाच नव्हती. म्हणून ती इतकी वेगाने धावली.

या मंडळींत तिघे होते. हर्बर्ट सायमन, ॲलन न्यूएल आणि क्लिफ शॉ.

सायमन मूळचे संगणकाचे नव्हेत, राज्यशास्त्राचे. १९१६ साली मिलवॉकीत जन्म, शिकागो विद्यापीठात शिक्षण. विद्यार्थिदशेत, १९३५ मध्ये, त्यांनी आपल्याच गावाच्या क्रीडांगण खात्याचा अभ्यास केला. दोन सरकारी यंत्रणांनी मिळून मैदानं चालवायची आणि पैशांची वाटणी करायची, असा तो मामला. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे तिथल्या अधिकाऱ्यांनी शेवटचा रुपया, म्हणजे त्यांचा डॉलर, कुठे जास्त उपयोगी पडेल याचा हिशेब मांडायला हवा होता. तसलं काही कुणीच करत नव्हतं. जो तो आपल्या खात्याच्या चष्म्यातून बघायचा आणि बरं वाटेल तिथे थांबायचा. सरकारी कचेरी ज्याने आतून पाहिली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. सायमन यांना मात्र यात आयुष्यभराचा विषय सापडला. माणसाची बुद्धी तोकडी, वेळ कमी, माहिती अपुरी. त्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. भागेल एवढं मिळालं की शोध आवरतो. याच विचाराने पुढे १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळवून दिलं. १९४९ पासून ते पिट्सबर्गच्या कार्नेगी टेकमध्ये होते.

न्यूएल त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. सॅन फ्रान्सिस्कोचे, स्टॅनफर्डला भौतिकशास्त्र शिकलेले. तिथे त्यांना जॉर्ज पोल्या हे हंगेरियन गणिती शिकवायला होते. गणित सुटतं कसं, कुठून सुरुवात करायची, अडलं तर कोणता प्रश्न स्वतःला विचारायचा, हे वर्गात उलगडून सांगणारा तो माणूस. पुढे प्रिन्स्टनला गणितात वर्षभर काढून न्यूएल १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या रँड कॉर्पोरेशनमध्ये रुजू झाले. शीतयुद्धाचे दिवस होते. रँडमध्ये हवाई संरक्षणाच्या केंद्राची एक नकली प्रतिकृती उभी केली होती. रडारच्या पडद्यावर दिसतील तशा विमानांच्या जागा माणसांपुढे ठेवायच्या आणि दबावाखाली ती माणसं निर्णय कसे घेतात ते बघायचं. खरं रडार नव्हतंच, म्हणून एका कार्डावर चालणाऱ्या गणकयंत्राकडून विमानांच्या ठिपक्यांचे नकाशे छापून घेतले जात. १९५२ मध्ये सल्लागार म्हणून आलेल्या सायमन यांनी ते पाहिलं. आकडेमोडीसाठी बनवलेलं यंत्र ठिपक्यांची जागा, म्हणजे एक चिन्ह, हाताळत होतं. दोघांची गट्टी जमली ती तिथे.

१९५४ मध्ये ऑलिव्हर सेल्फरिज नावाचे एक संशोधक रँडला आले आणि अक्षरं व आकृत्या ओळखायला शिकणाऱ्या एका प्रोग्रामबद्दल बोलले. न्यूएल पुढे सांगत, की आपली दिशा त्या एका दिवसात फिरली. साधे साधे नियम एकमेकांशी बोलू लागले, तर त्यातून गुंतागुंतीचं वागणं उभं राहू शकतं, हे त्यांच्या मनाने घेतलं. १९५५ मध्ये रँडची नोकरी न सोडता ते पिट्सबर्गला राहायला आले.

तिथे सायमन आणि न्यूएल यांनी जे केलं ते अमेरिकन मानसशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ धर्मबाह्य होतं. गेली तीस-चाळीस वर्षं तिथे वर्तनवाद्यांचं राज्य होतं. मन नावाची गोष्ट प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवायची, प्रेरक आणि प्रतिसाद एवढंच मोजायचं. उंदीर चक्रव्यूहात कुठे वळला, कबुतराने कळ किती वेळा टोचली, याची नोंद ठेवायची. डोक्यात काय चाललंय हा प्रश्न विचारणाऱ्याकडे लोक संशयाने बघत, आणि त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. आधीच्या पिढीने आत डोकावून केलेली वर्णनं एकमेकांशी जुळत नसत आणि खरं कोणाचं हे ठरवायला काही साधन नव्हतं.

सायमन-न्यूएल यांना हे साधन प्रोग्राममध्ये दिसलं. मनाच्या कामाविषयी तुमचा जो काही सिद्धांत असेल तो प्रोग्राम म्हणून लिहा. मग ‘अंतर्दृष्टी झाली’, ‘सुचलं’ असले शब्द वापरून सुटका होत नाही, कारण यंत्राला त्यांचा अर्थ लागत नाही. प्रत्येक पायरी लिहावी लागते. आणि लिहिलेलं चाललं, तर ते काय करतं हे सगळ्यांना बघता येतं. सिद्धांत चुकला तर तोही सगळ्यांसमोर चुकतो.

सुरुवात बुद्धिबळापासून करावी असा विचार होता. भूमितीचाही झाला. शेवटी ‘प्रिन्सिपिया’ हाती घेतलं, त्याचं एक कारण तर असं, की सायमन यांच्याकडे तो ग्रंथ होता. १५ डिसेंबर १९५५ ही तारीख सायमन पुढे आवर्जून सांगत. त्या दिवशी कागदावर पहिलं प्रमेय त्यांच्या पद्धतीने हाताने सुटलं. नाताळची सुटी संपवून ते जानेवारीत वर्गात आले आणि सुटीत आपण व ॲलनने विचार करणारं यंत्र शोधून काढलं, असं त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं. त्या वर्गात एडवर्ड फायगेनबॉम नावाचा मुलगा बसला होता. यंत्र म्हणजे नेमकं काय म्हणायचंय हे काही त्याला कळलं नाही. सायमन यांनी आयबीएम ७०१ ची पुस्तिका मुलांना दिली. ती त्याने घरी नेऊन रातोरात वाचून काढली.

यंत्र मात्र अजून कुठेच नव्हतं. म्हणून त्याच जानेवारीत एका संध्याकाळी कार्नेगी टेकच्या इमारतीत सायमन यांनी माणसंच गोळा केली. पत्नी डोरोथिया, घरची तीन मुलं आणि काही पदव्युत्तर विद्यार्थी. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड. कार्डावर एका उपप्रोग्रामच्या सूचना, किंवा स्मृतीच्या एका कप्प्यातला मजकूर. आपली पाळी आली की कार्डावर लिहिलंय तेवढंच करायचं, त्याच्या पलीकडे डोकं चालवायचं नाही आणि निकाल पुढच्याच्या हाती द्यायचा. शाळेत जाणारी पोरं रसेल-व्हाइटहेडचं तर्कशास्त्र सिद्ध करत होती आणि त्यातलं अक्षर कुणाला कळण्याची गरज नव्हती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी प्रयोग हाच, आणि त्याला खर्च आला तो पुठ्ठ्याचा.

सिद्ध काय होत होतं, हे एका उदाहरणाने बघू. दुसऱ्या प्रकरणातलं पहिलं प्रमेय, क्रमांक २·०१, असं म्हणतं: एखादं विधान क मानल्यावर त्यातूनच ‘क नाही’ असं निघत असेल, तर ‘क नाही’ हेच खरं. हाताशी गृहीतकं पाच. त्यातलं एक सांगतं: ‘क किंवा क’ असेल, तर क. आता शोधणारा आधी प्रमेयाकडे बघतो. शेवट ‘क नाही’ असा आहे. गृहीतकांपैकी याच्यासारखं दिसणारं कोणतं? वरचं दिसतं. त्यात क च्या जागी ‘क नाही’ घालून बघू. मिळालं: ‘क नाही किंवा क नाही’ असेल, तर ‘क नाही’. उजवी बाजू जुळली. डावी? ‘प्रिन्सिपिया’त ‘क असेल तर ख’ याची व्याख्याच ‘क नाही किंवा ख’ अशी आहे. म्हणजे ‘क नाही किंवा क नाही’ हे दुसऱ्या कपड्यांतलं ‘क असेल तर क नाही’. संपलं.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. शोध शेवटाकडून सुरू होतो, गृहीतकांकडून नव्हे. आणि ‘सारखं दिसतंय’ या अंदाजावर तो चालतो. अंदाज चुकूही शकतो. शक्य तेवढी सगळी विधानं ओळीने तयार करत राहायचं, कधी ना कधी हवं ते प्रमेय येईलच, अशी एक बिनचूक पद्धतही होती. तिला या मंडळींनी ब्रिटिश म्युझियमची पद्धत असं नाव ठेवलं. माकडांना टंकलेखनयंत्रापुढे बसवलं तर कधीतरी तिथली सगळी पुस्तकं टाइप होतील, या जुन्या विनोदावरून. बिनचूक, पण कुणाच्याही हयातीत न संपणारी. माणूस खात्री सोडतो आणि वेळ वाचवतो. सायमन यांचे मिलवॉकीचे अधिकारी आणि ‘प्रिन्सिपिया’ सोडवणारा प्रोग्राम इथे एका रांगेत येऊन बसतात.

कार्डांवरचं प्रत्यक्ष यंत्रावर आणण्याचं श्रेय तिघांतल्या तिसऱ्याचं, शॉ यांचं. गाजलेल्या जोडनावात त्यांचं नाव बहुधा गळतं, आणि ते बरोबर नाही. रँडच्या यंत्राचं नाव होतं जॉनिॲक, गणिती जॉन फॉन नॉयमन यांच्या नावावरून ठेवलेलं. स्मृती ४,०९६ शब्दांची. आजच्या मोबाइलमधलं एक चित्रही त्यात मावलं नसतं. शिवाय शोध घेताना कुठली यादी किती वाढेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ठरावीक जागा आखून ठेवणं निरुपयोगी. शॉ आणि न्यूएल यांनी एक नवी भाषाच घडवली, आयपीएल. तिच्यात प्रत्येक नोंद आपल्या पुढच्या नोंदीचा पत्ता सांगते आणि यादी लागेल तशी लांबते. एका गोष्टीवरून दुसरी आठवते, या जुन्या मानसशास्त्रीय कल्पनेचा हा यांत्रिक अवतार. तिघांच्या मनात ते साम्य होतंही. ऑगस्ट १९५६ मध्ये जॉनिॲकने पहिली सिद्धता छापली. तीच, २·०१ ची. प्रोग्रामचं नाव होतं ‘लॉजिक थिअरिस्ट’.

त्याच उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी, मार्व्हिन मिन्स्की आदींनी भरवलेली ती प्रसिद्ध बैठक झाली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव घेऊन भरलेली पहिली. चालता प्रोग्राम गाठीशी असलेले तिथे न्यूएल आणि सायमन हेच दोघे, आणि स्वागत कोमट झालं. ते नावही त्यांना फारसं भावलं नाही. यापेक्षा महत्त्वाचा दिवस ११ सप्टेंबर १९५६ चा. एमआयटीतल्या परिसंवादात एकाच दिवशी न्यूएल-सायमन यांनी ‘लॉजिक थिअरिस्ट’ मांडला, नोम चॉम्स्की भाषेच्या व्याकरणाच्या तीन नमुन्यांवर बोलले आणि जॉर्ज मिलर माणसाच्या अल्पकालीन स्मृतीवर. बोधविज्ञानाचा जन्म त्या दिवशी झाला, असं मिलर पुढे म्हणत.

त्यानंतरच्या दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. प्रमेय २·८५ ला प्रोग्रामने ग्रंथातल्यापेक्षा आखूड सिद्धता शोधली. सायमन यांनी रसेलना पत्राने यंत्राची करामत कळवली. हे आधी ठाऊक असतं तर व्हाइटहेड आणि मी हाताने ती कामं करण्यात दहा वर्षं घालवली नसती, अशा आशयाचं मिस्कील उत्तर आलं. मग ती सिद्धता ‘लॉजिक थिअरिस्ट’ला सहलेखक दाखवून ‘जर्नल ऑफ सिम्बॉलिक लॉजिक’कडे पाठवली, आणि ती परत आली. गोष्टी मजेदार आहेत. पण त्या यंत्राच्या हुशारीच्या आहेत, आणि कर्त्यांचं लक्ष आता दुसरीकडे लागलं होतं. यंत्र माणसासारखं विचार करतं, हे कशावरून? त्यासाठी माणूस समोर बसवायला हवा.

येल विद्यापीठात मूर आणि अँडरसन या दोघांनी एक छान प्रयोग रचला होता. तर्कशास्त्राची चिन्हं, पण अर्थ न सांगता. बारा नियमांचा एक तक्ता. एक ओळ दिलेली, दुसरी गाठायची. नियमाने परवानगी दिली तेवढेच बदल करायचे. कार्नेगी टेकमध्ये विद्यार्थ्यांना या कोड्यापुढे बसवलं, टेपरेकॉर्डर लावला आणि सांगितलं, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. ‘तर’साठीच्या चिन्हाला मुलं घोड्याचा नाल म्हणत, ‘किंवा’ला पाचर, ‘आणि’ला ठिपका.

यातल्या एका विद्यार्थ्याचं बोलणं पुढे फार अभ्यासलं गेलं. दिलेली ओळ लांबलचक, दोन कंसांची, मधे ठिपका. गाठायची ओळ आखूड. त्याला आधी वाटतं, आठवा नियम लावून एक बाजू उडवूनच टाकावी. पण लगेच तो थबकतो. उडवली तर शेवटच्या ओळीत लागणाऱ्या दोन अक्षरांपैकी एक हातचं जाईल. नको. मग त्याची नजर कंसातल्या नालांवर जाते. शेवटच्या ओळीत नाल नाहीत, म्हणजे ते घालवले पाहिजेत. नाल घालवणारा नियम कोणता? सहावा. तो दोन्ही कंसांना लावतो, पुढे जातो, आणि काही पावलांनी पुटपुटतो की सहावा नियम नुसता डावीकडेच लावायला हवा होता. मागे वळतो आणि तसं करतो.

याच रीतीने चालणारा प्रोग्राम १९५७ पासून आकार घेत होता. नाव भारदस्त: ‘जनरल प्रॉब्लेम सॉल्व्हर’, थोडक्यात जीपीएस. आजच्या रस्ता दाखवणाऱ्या जीपीएसशी त्याचा संबंध नाही. त्याची युक्ती आपण सगळेच वापरतो. सावंतवाडीला लग्नाला पोचायचंय. इथलं आणि तिथलं यांतला फरक अंतराचा. अंतर गाडी कमी करते. गाडीला तिकीट लागतं. ते नाही, म्हणून आता तिकीट मिळवणं हेच काम. फरक ओळखायचा, तो कमी करणारं साधन शोधायचं, साधन लागू पडत नसेल तर ते लागू पडेल अशी स्थिती आणणं हे नवं उद्दिष्ट. फरक आणि साधनं यांचा तक्ता बदलला, की तोच प्रोग्राम दुसरं कोडं घेतो.

मग न्यूएल आणि सायमन यांनी यंत्राने छापलेल्या पायऱ्या एका बाजूला मांडल्या आणि त्या विद्यार्थ्याचं टाइप करून घेतलेलं बोलणं दुसऱ्या बाजूला. बराच पल्ला दोघे बरोबर चालतात. आठव्या नियमाचा मोह, त्याला दिलेली बगल, नाल घालवण्याची धडपड. आणि मग वाटा फुटतात. विद्यार्थ्याने सहावा नियम दोन्ही कंसांना एकदमच लावला. यंत्र एका वेळी एकच बाजू धरू शकत होतं. आणि ‘असं करायला हवं होतं’ ही पश्चातबुद्धी यंत्रात नव्हतीच. अपयश आलं की ते आधीच्या एखाद्या उद्दिष्टाकडे परते. झालेल्या चालीकडे वळून ती अशी केली असती तर, असं म्हणण्याची सोय त्यात कुठेही नव्हती.

हा फरक त्यांनी दडवला नाही. १९६१ मध्ये छापलेल्या लेखात तो स्पष्ट मांडला आहे. मला हा लेख त्या काळातल्या सगळ्या घोषणांपेक्षा मोलाचा वाटतो. सिद्धांत नेमका कुठे तोकडा आहे हे नियमाच्या क्रमांकासकट सांगता येणं, हे मनाच्या अभ्यासात तोवर क्वचितच घडलं होतं.

मोठ्याने बोलवून घेण्याची ही रीत युरोपात आधीपासून होती. जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो झेल्त्स यांनी विचार म्हणजे उद्दिष्टाने बांधलेल्या क्रियांची साखळी आहे, असं शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं. ते ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांची नोकरी गेली, ते हॉलंडला पळाले, आणि १९४३ मध्ये त्यांची रवानगी ऑशविट्झला झाली. त्यांचा धागा हॉलंडमध्ये आद्रियान द ख्रोट यांनी धरला. ते स्वतः पट्टीचे बुद्धिबळपटू. उस्तादांना डाव दाखवून बोलतं करणारा त्यांचा प्रबंध १९४६ चा, डच भाषेतला. पिट्सबर्गच्या मंडळींना यातून बळ मिळालं. पुढे सायमन द ख्रोट यांचं ऋण मोकळेपणाने मानत.

घरी रात्र जागून पुस्तिका वाचणाऱ्या फायगेनबॉमने दरम्यान वेगळीच वाट काढली होती. त्याच्या प्रबंधातला प्रोग्राम, ईपॅम, कोडी सोडवत नव्हता. तो पाठांतर करायचा. हर्मान एबिंगहाउस यांच्यापासून मानसशास्त्रज्ञ माणसांना निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायला देत आले आहेत. जिर आलं की पिब म्हणायचं, वगैरे. ईपॅम अशी जोडी शिकताना फाट्यांची एक वाट तयार करतो. पहिलं अक्षर ज आहे का? असेल तर इकडे, नसेल तर तिकडे. ओळखण्यापुरतं जेवढं लागेल तेवढंच साठवायचं, जास्त नाही. समजा पिब नीट पाठ झालं आणि त्याची खूण म्हणून फक्त प ठेवला. नंतर पुक शिकायची वेळ आली. आता प पाशी नवा फाटा फुटला, आणि जुनी खूण अपुरी पडली. जिर विचारल्यावर प्रोग्राम प पर्यंत येतो आणि कधी पिब म्हणतो, कधी पुक. काल येत होतं ते आज येत नाही, परवा पुन्हा येतं.

पिब पुसलं गेलेलं नाही. ते जाळ्यात शाबूत आहे; तिथवर नेणारी खूण तेवढी लंगडी झाली आहे. विसरण्यासाठी फायगेनबॉमने एक ओळही लिहिली नव्हती. विसरणं शिकण्यातूनच उगवलं. प्रयोगशाळेतली माणसं अशाच चुका करत, आणि सारख्या दिसणाऱ्या अक्षरजोड्यांत जास्त करत, हे आधीपासून ठाऊक होतं. यंत्र त्याच ठिकाणी घसरलं.

अशा यशाने डोकं फिरलं नाही असं मात्र म्हणवत नाही. नोव्हेंबर १९५७ मध्ये पिट्सबर्गच्या एका सभेतल्या भाषणात, आणि लगोलग छापलेल्या लेखात, सायमन-न्यूएल यांनी दहा वर्षांची चार भाकितं केली. संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल, महत्त्वाचं नवं प्रमेय शोधेल, रसिकांना मोल वाटेल असं संगीत रचेल. आणि चौथं, मानसशास्त्रातले बहुतेक सिद्धांत प्रोग्रामच्या रूपात मांडले जातील. दहा वर्षं संपली, जगज्जेता माणूसच होता. जगज्जेत्या कास्पारॉव्हला डीप ब्लू या संगणकाने हरवलं ते १९९७ मध्ये, आणि तेही माणसासारखं न खेळता, सेकंदाला कोट्यवधी चाली तपासून. ब्रिटिश म्युझियमच्या पद्धतीला शेवटी लोहाराचा हात मिळाला म्हणायचं. तत्त्वज्ञ ह्यूबर्ट ड्रायफस यांनी १९६५ मध्ये रँडसाठीच लिहिलेल्या टिपणात या क्षेत्राची किमयागारीशी तुलना करून खळबळ उडवली. माझ्या मते अधिक मर्मावर बोट ठेवलं ते मानसशास्त्रज्ञ अल्रिक नाइसर यांनी, १९६३ मध्ये. माणूस वाढतो, त्याला राग-लोभ असतात, आणि एका वेळी त्याची उद्दिष्टं अनेक असतात, प्रोग्रामचं एकच. सायमन यांनी उत्तर दिलं १९६७ मध्ये, भावनांना ‘हातातलं सोडा, आधी इकडे बघा’ असा आवाज देणारी यंत्रणा मानून. विचार चतुर आहे, पण तो प्रोग्राम त्यांनी लिहिला नाही, आणि त्यांच्याच कसोटीने ते उत्तर अर्धं राहिलं.

१९७२ मध्ये न्यूएल आणि सायमन यांचा ‘ह्यूमन प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ हा नऊशेहून अधिक पानांचा ग्रंथ आला. त्यातलं गाजलेलं कोडं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेल्या पोरांनाही ओळखीचं वाटेल. इंग्रजीत डोनाल्ड अधिक जेराल्ड बरोबर रॉबर्ट. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक, आणि डी म्हणजे ५ एवढं सांगितलेलं. शेवटच्या रकान्यात ५ आणि ५, म्हणजे टी शून्य आणि हातचा एक. पुढच्या रकान्यात दोन एल आणि हातचा. म्हणजे आर विषम. इथवर सगळे झरझर येतात. डावीकडच्या टोकाला ५ मध्ये जी मिळवून आर होतो, म्हणजे आर पाचाहून मोठा. मग रखडतात. ओ मध्ये ई मिळवून पुन्हा ओच उरतो, तेव्हा ई एकतर शून्य किंवा हातच्यासकट नऊ, ही किल्ली बऱ्याच वेळाने सापडते. ग्रंथात एकेका माणसाच्या वीस-वीस मिनिटांच्या बोलण्याचा वाक्यावाक्याने आलेख काढला आहे, आणि त्याला ‘असं दिसलं तर तसं कर’ या साच्यातले नियम जुळवले आहेत. कुणाच्या नियमांत काय नव्हतं, म्हणून तो कुठे रखडला, हेही त्यातून दिसतं. उत्तर हवं असेल त्यांच्यासाठी: ५२६४८५ अधिक १९७४८५ बरोबर ७२३९७०.

पुढच्याच वर्षी छापून आलेल्या एका परिषदेतल्या लेखात न्यूएल यांनी स्वतःच्या मित्रांचीच हजेरी घेतली. प्रत्येक जण एक छोटी घटना धरतो, तिच्यावर हो-नाहीचे प्रश्न टाकतो, आणि दुसऱ्या घटनेकडे वळतो. अशाने मनाचं एकसंध चित्र जन्मात तयार होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळं काम एकाच यंत्रणेने करून दाखवा. त्यातून जॉन लेअर्ड आणि पॉल रोझेनब्लूम यांच्यासोबत त्यांनी ‘सोअर’ उभारला, आणि कार्नेगीतच जॉन अँडरसन यांचा ‘ॲक्ट’ वाढला. न्यूएल १९९२ मध्ये गेले. या दोन्ही घराण्यांचं काम अजून चालू आहे. चौथं भाकीत दहा वर्षांत खरं ठरलं नाही, पण पुरतं खोटंही ठरलं नाही.

सायमन मात्र ईपॅमला चिकटून राहिले. १९८० मध्ये कार्नेगीच्या विल्यम चेस आणि अँडर्स एरिक्सन यांनी एका विद्यार्थ्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सेकंदाला एक या गतीने वाचलेले आकडे त्याने पाठोपाठ म्हणून दाखवायचे. सुरुवातीला त्याला सातच जमत, मिलर सांगत तेवढेच. दोनशे तीसहून अधिक तासांच्या सरावानंतर तो ७९ आकडे म्हणू लागला. पठ्ठ्या लांब पल्ल्याचा धावपटू होता. तीन-चार आकडे ऐकले की तो त्यांना शर्यतीतली वेळ समजायचा, मैलाची, दोन मैलांची, आणि त्या वेळांचे पुन्हा गट बांधायचा. आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तेव्हा गाडी पुन्हा सहावर आली. त्याच्यानंतरच्या दुसऱ्या एका धावपटूने शंभरी ओलांडली. ईपॅमच्या जाळ्यात हे बसत नव्हतं; इतक्या भराभर इतकं साठवायला त्यात वाव नव्हता. मग आवृत्ती बदलली, तज्ज्ञाने आधीच बांधून ठेवलेल्या कप्प्यांची सोय त्यात आली, आणि १९९५ मध्ये हॉवर्ड रिचमन व जेम्स स्टॅझेव्स्की यांच्याबरोबर सायमन यांनी ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’त ईपॅमची चौथी आवृत्ती छापली, त्या शंभरी गाठणाऱ्या धावपटूच्या स्मृतीशी ताडून. तेव्हा सायमन ऐंशीला टेकले होते.